रक्ताला नेसवलेलं पातळ

आमच्या घरात एका रोगाला नाव नव्हतं. डॉक्टरांच्या कागदावर होतं, पण घरात ते कुणी उच्चारत नसे. माझ्या धाकट्या भावाला हिमोफिलिया आहे. रक्त गोठायला शरीरात जो एक घटक लागतो, तो त्याच्यात जन्मापासून जवळजवळ नाहीच. दुधाचा दात पडला की त्याच्या उशीचा अभ्रा धुवायला काढावा लागे, खेळताना आपटला की गुडघा नारळाएवढा सुजे. शेजारच्या बायका विचारायला आल्या की आई म्हणायची, "काही नाही हो, त्याचं रक्त जरा पातळ आहे."

मी धारवाडच्या कोर्टात वकिली केली. 'जरा' म्हणजे नेमकं किती, हे साक्षीदाराकडून काढून घेण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पण आईची उलटतपासणी मी कधी घेतली नाही, घेऊनही उपयोग नव्हता. तिचा एक भाऊ तरुणपणीच गेला होता आणि माहेरी त्याबद्दल 'पोटात दुखायचं निमित्त झालं' एवढंच सांगत. आता कळतं की तेही पोटातल्या पोटात रक्त वाहूनच असणार. हा रोग आयांकडून मुलग्यांकडे येतो, म्हणजे नाव घेतलं की बोट आधी तिच्याकडे जाणार आणि मग माझ्याकडे. गावात मराठी घरं ती किती, एका हळदीकुंकवात बोललेलं दुसऱ्या हळदीकुंकवाच्या आधी सगळीकडे पोचायचं. माझं लग्न व्हायचं होतं. ते पुढं झालं नाहीच, पण त्याला माझी जीभ पुरेशी होती, रोगाची गरज पडली नाही.

'पातळ' या शब्दाची सगळ्यात जास्त चेष्टा केली ती भावानंच. आई साडीला पातळच म्हणायची, त्या काळच्या सगळ्याच बायका म्हणत. तो शाळेत असताना एकदा सुजलेला गुडघा उशीवर ठेवून पडला होता, बाहेर आई कुणालातरी तेच वाक्य ऐकवत होती, आणि हा मला हळूच म्हणाला, "अक्का, आईनं माझ्या रक्ताला पातळ नेसवलंय बघ. चांगलं काठापदराचं." मी हसून हसून बेजार झाले. तेव्हापासून तो आमचा दोघांचा विनोद. कुणी काही झाकून बोलायला लागलं की तो माझ्याकडे बघून नुसता खांद्यावर पदर घेतल्यासारखा हात फिरवायचा आणि मला चारचौघांत हसू आवरणं मुश्कील व्हायचं.

त्याला शब्दांचा नादच होता. धारवाडजवळ बेलूरच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. तिथं दिवसभर कन्नड: कामगारांशी, लॉरीवाल्यांशी, साहेबांशी. संध्याकाळी फाटक वाजलं की मराठी सुरू. बायकोशी, मुलीशी, भिंतीपलीकडून माझ्याशी. कोट्या, शब्दांची उलटापालट, आमच्या सगळ्यांच्या बोलण्याच्या नकला. मी त्याला म्हणायची, "कारखान्यात गप्प बसून साठवून आणतोस काय रे सगळं?" तो म्हणायचा, "नाही की. कन्नड पोटासाठी आहे, मराठी तोंडासाठी."

फॅक्टरचं इंजेक्शन, म्हणजे तो कमी असलेला घटक, आता मिळतो. सरकारी दवाखान्यातून कुप्या आणून तो फ्रिजमध्ये ठेवायचा आणि स्वतःच शिरेत टोचून घ्यायचा. त्याचं आयुष्य त्या कुप्यांनी सुधारलं, गुडघा मात्र आधीच कामातून गेला होता. तो वाकत नसे. विचारणाऱ्याला तो सांगे की स्कूटरवरून पडलो होतो. आयुष्यात कधी स्कूटर चालवली नव्हती पठ्ठ्यानं.

त्याच दवाखान्यातल्या नर्सनं त्याला ते डिजिटल कार्ड करून दिलं. एका संध्याकाळी माझ्या टेबलावरच्या फायली बाजूला सारून त्यानं मोबाईल माझ्यापुढं ठेवला. "हे बघ की अक्का, मला ओळखपत्र झालं." मोबाईलचं कुलूप न उघडताच पडद्यावर लाल पट्टी दिसत होती. त्यात त्याचा फोटो, रक्तगट, रोगाचं पूर्ण नाव, कुठला फॅक्टर आणि किती, कुठल्या गोळ्या देऊ नयेत, आणि मोठ्या अक्षरांत 'डोक्याला मार लागल्यास आधी फॅक्टर, मग तपासणी'. खाली चौकोनी कोड, तो कुणीही आपल्या मोबाईलनं टिपला की सगळी माहिती उघडणार. कळणाऱ्या भाषा: मराठी, कन्नड. तातडीला कळवायचं नाव: अक्का.

मला ते कार्ड फार आवडलं. असा नेमका, एकही फालतू शब्द नसलेला कागद मला कोर्टात क्वचित बघायला मिळाला. आमच्या घरात त्या रोगाचं नाव मी पहिल्यांदा असं उघड्यावर बघत होते. "फोटोत चोर दिसतोयस," मी म्हटलं. "चोरच की," तो म्हणाला. "इतकी वर्षं नाव चोरून फिरतोय."

थोड्याच दिवसांत त्याच्या पडद्यावर झेंडूची फुलं आली.

मी लगेच पकडलं. त्याच्या मुलीला हुबळीच्या विद्यानगरातलं एक स्थळ आलं होतं. मुलगा बेंगळूरला नोकरीला, वडील बँकेतून निवृत्त झालेले, मंडळी मराठी, माझ्याच ओळखीतून आलेली. हिमोफिलिया असलेल्या बापाची मुलगी स्वतः धडधाकट असते, पण तो दोष तिच्यात येतोच आणि तिच्या मुलग्यात उतरू शकतो. बोलणी चालू असताना मोबाईल टेबलावर ठेवला आणि लाल पट्टी दिसली तर काय, या भीतीनं त्यानं ती काढली होती. आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "त्यांना सरळ सांग आणि मोकळा हो. झाकून केलेलं लग्न मी कोर्टात फाटताना बघितलंय." तो म्हणाला, "सांगणारच आहे. कशाला ओरडालीस? पण मी सांगीन, माझ्या तोंडानं. त्यांना मोबाईलनं सांगायला नको." मी म्हटलं, "तोवर कुठं पडलास तर?" तो म्हणाला, "तू आहेस की. कार्डापेक्षा मोठ्यानं ओरडशील."

त्या रविवारी भावजय आणि मुलगी बेळगावला एका लग्नाला गेल्या होत्या. मुलाच्या वडिलांनी त्याला जेवायला बोलावलं होतं. मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाला, "नको. ती गोष्ट काढायची आहे, तू असलीस तर तूच बोलशील." खोटं नव्हतं ते. इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्याला आतून पट्टा बांधून तो हुबळीच्या बसला गेला. फाटकातून वळून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि खांद्यावरून हात फिरवला, पदर घेतल्यासारखा. मग तो पदर काढून टाकल्यासारखा हात खाली झटकला. म्हणजे आज उघडं करून येतो. मी हसले. त्यानं माझ्याशी मराठीतून केलेला तो शेवटचा विनोद, आणि त्यात शब्द एकही नव्हता.

पुढचं मला मुलाच्या वडिलांनी नंतर सांगितलं. त्यांच्या घरी पाहुण्याला मानानं पाटावर बसवून जेवायला वाढायची पद्धत होती. रांगोळी, उदबत्ती, सगळं. टेबल-खुर्ची बाजूलाच होती. भावानं 'मला खुर्ची द्या' एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. पण खुर्ची मागितली की गुडघा आला, गुडघा आला की 'काय झालं होतं' आलं, आणि ती गोष्ट त्याला जेवणानंतर, विडा खाताना, नीट मांडून सांगायची होती. स्कूटरच्या थापेनं सुरुवात करायची नव्हती. म्हणून तो पाय लांब करून कसाबसा पाटावर बसला आणि चांगला जेवला. उठताना तो ताठ पाय निसटला आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं.

रक्ताचा थेंब नाही. सगळे धावले, बर्फ लावला. त्यानं हसून म्हणे विचारलं, "चौकटीला लागलं नाही ना?" थोड्या वेळानं डोकं धरून बसला आणि ओकला. त्यांनी ताबडतोब गाडी काढून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. वाटेत मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तुम्हाला काही दुखणं-बिखणं आहे का? डॉक्टर विचारतील."

आणि माझा भाऊ, जो ते सांगायलाच घरून निघाला होता, म्हणाला, "रक्त जरा पातळ आहे माझं."

आईचं वाक्य, 'जरा' सकट. मी कितीदा विचार करते की तो तेव्हा काय करत होता. झाकत होता, की तीच त्याची सुरुवात होती आणि पुढचं बोलायला शुद्ध राहिली नाही? दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत त्याची जीभ जड झाली होती.

मुलाच्या वडिलांचं बायपास झालेलं आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी ते रोज घेतात. 'रक्त पातळ' म्हटल्यावर त्यांना तीच गोळी आठवली, दुसरं काय आठवणार? डॉक्टर कन्नड बोलणारे, तरुण. यांनी त्यांना काळजीपूर्वक सांगितलं की पाहुणे ब्लड थिनर घेतात, माझ्यासारखेच. डॉक्टरांनी त्या गोळीवर उतारा म्हणून द्यायचं ते इंजेक्शन दिलं आणि गोळीचं नाव कुठं सापडतंय का म्हणून त्याचे खिसे बघायला लावले. मोबाईल हातात घेतला. कुलूप होतं, आणि झेंडूची फुलं. मी या सगळ्याचा खटला मनात पुन्हा पुन्हा चालवला आहे. आरोपी करावा असा माणूस सापडत नाही. डॉक्टरांनी योग्य प्रश्न विचारला, मुलाच्या वडिलांनी समजलं तेच सांगितलं. माझ्या भावानं मराठीत एक वाक्य उच्चारलं, ते घरात खरं होतं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदलला होता.

मला फोन आला तेव्हा मी ताकाचं पातेलं घासत होते. "वकीलबाई, घाबरू नका," मुलाचे वडील म्हणाले. "पाहुणे जरा पडले, दवाखान्यात आणलंय. त्यांच्या गोळ्यांचं मी डॉक्टरांना सांगितलंय."

"कसल्या गोळ्या?"

"रक्त पातळ करायच्या."

माझ्या हातून पातेलं सुटलं. मी रोगाचं नाव सांगितलं. त्यांना फोनवर ते नीट ऐकू येईना, "हिमो काय?" म्हणाले. मी ओरडले. इतकी वर्षं जो शब्द आम्ही दार लावूनसुद्धा उच्चारला नाही, तो मी मागीलदारी उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असा ओरडत होते. मग त्यांनी फोन डॉक्टरांना दिला आणि डॉक्टर एका शब्दात समजले. त्यांच्याकडे फॅक्टर नव्हता. मी भावाच्या घराचं कुलूप काढलं, फ्रिजमधल्या कुप्या बर्फासकट जेवणाच्या डब्यात भरल्या आणि शेजाऱ्याच्या गाडीतून निघाले. सरकारी दवाखान्यातूनही फॅक्टर मागवला होता, पण आधी मीच पोचले. हुबळीच्या वाटेवरचं उणकलचं तळं इतकं लांबलचक आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मी डबा घेऊन आत शिरले तर मुलाचे वडील आपला मोबाईल हातात धरून भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी तो माझ्यापुढं केला. पडद्यावर माझ्या भावाचं कार्ड होतं. लाल पट्टी, चोरासारखा फोटो. यांचा फोन गेल्यावर बेंगळूरहून मुलानं नुकतंच पाठवलं होतं. भाचीनं ते त्याला केव्हाच दिलं होतं, पहिल्या-दुसऱ्या भेटीतच. मुलाला सगळं माहीत होतं आणि त्याला काही अडचण नव्हती. फक्त ती त्याला म्हणाली होती, घरी तू सांगू नको, माझ्या अप्पांना स्वतः सांगायचं आहे, त्यांना सांगू दे. बापाचा मान राखायला दोन पोरं गप्प बसली होती. "सांगितलं असतं तरी आम्ही नाही म्हटलं नसतं हो," ते मला म्हणाले. भला माणूस. डोळे पुसत होते. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी डबा घेऊन सरळ डॉक्टरांकडे गेले.

फॅक्टर दिला, मग डोक्याची शस्त्रक्रिया झाली. तो वाचला. हे मी आधी सांगायला हवं होतं, कारण लोक ऐकताना श्वास धरून बसतात आणि मग म्हणतात, वाचला ना, मग देवाची कृपा. हो, कृपा आहे. हात हलतो, काठी घेऊन चालतो. पण डोक्याच्या ज्या भागात रक्त साचलं तिथं त्याची भाषा होती.

बरेच दिवस तो काहीच बोलला नाही. पहिला शब्द आला तो "नीरु". मी धावत पाणी आणलं. नंतर एका सकाळी माझ्याकडे बघून तो म्हणाला, "अक्का." मी रडले, सगळ्या वॉर्डाला सांगत सुटले की मराठी आली, याची मराठी परत आली. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन बसवलं. अक्का कन्नडमध्येही अक्काच, हे मला कळत नव्हतं असं नाही. त्या म्हणाल्या, दोन भाषांच्या माणसाला कधी दोन्ही परत येतात, कधी एकच, बहुतेक दिवसभर वापरात असलेली. दुसरी नंतर येईलही. वाट बघा.

आम्ही वाट बघितली. कन्नड जवळजवळ सगळी आली. मराठी आली नाही, बोलायलाही नाही आणि समजायलाही नाही. मी बोलले की तो माझ्या तोंडाकडे बघत राहतो, परगावच्या पाहुण्यांशी बोलताना आपण बघतो तसा, सभ्यपणे. मी अक्का राहिले, मुलीचे ते अप्पा राहिले, ही नाती दोन्हीकडची म्हणून वाचली. भावजयीला मात्र तो आयुष्यभर 'अगं' म्हणत आला होता. ते 'अगं' गेलं. आता तो तिला "नोडिल्ली" म्हणतो, म्हणजे इकडं बघ. ती बघते. तिची कन्नड बाजारापुरतीच होती, आता पोथी वाचावी तशी शिकते आहे.

लग्न झालं. विद्यानगरच्या मंडळींनी त्याला सगळीकडे खुर्ची दिली.

गेल्या आठवड्यात आम्ही फॅक्टरसाठी दवाखान्यात गेलो होतो. नर्सनं त्याच्या मोबाईलवर कार्ड परत लावायला घेतलं. शस्त्रक्रियेची नोंद घातली, काठी दिसू नये असा जवळून नवा फोटो काढला. मग एका ओळीशी थांबून तिनं मला विचारलं, "मॅडम, मराठी इरलेनु, तेगिलेनु?" राहू दे की काढू, असं ती विचारत होती. कळणाऱ्या भाषांची ओळ होती ती. ती म्हणाली, तातडीच्या वेळी कुणी त्याच्याशी मराठीत बोललं आणि यानं उत्तर दिलं नाही, तर ते म्हणतील शुद्ध हरपली, आणि भलतेच उपचार करतील. म्हणून जे खरं आहे तेच लिहिलेलं बरं.

तिचं बरोबर होतं. मी आयुष्यभर हेच सांगत आले. तिला म्हटलं, थांब जरा.

तो बाकावर बसला होता, हातात काठी. मी शेजारी बसले आणि त्याच्या कानाशी मराठीत म्हटलं, "आईनं तुझ्या रक्ताला पातळ नेसवलं होतं, आठवतं का रे? काठापदराचं?" आणि खांद्यावरून पदर घेतल्यासारखा हात फिरवला. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. मग तोंडाकडे. माझं मन मोडू नये म्हणून तो छान हसला आणि म्हणाला, "एनंदी, अक्का?" काय म्हणालीस, अक्का?

"एन इल्लप्पा," मी म्हटलं, काही नाही रे. मी नर्सकडून मोबाईल घेतला आणि त्या ओळीतला 'मराठी' हा शब्द माझ्या हातानं पुसला.